टोर्नेडोची नोंद: पक्का आकडा येईपर्यंत थांबायचं का, आणि ‘सौजन्याने’ लिहिलेला फोटो चालतो का?

मापपट्टी:
मुक्त ज्ञानकोशात अमेरिकेतल्या टोर्नेडोवर लेख करायचा असेल तर ताकद, लांबी, रुंदी आणि बळी हे चार आकडे अमेरिकी हवामान विभागाच्या अधिकृत ‘स्टॉर्म इव्हेंट्स’ डेटाबेसमधली नोंद येईपर्यंत घालू नयेत, असं माझं ठाम मत आहे. दोन-तीन महिने लागतात, लागू देत. पहिल्या दिवसाचे प्राथमिक अहवाल म्हणजे कोणी काय कळवलं त्याची यादी. एकच टोर्नेडो तीन गावांतून कळवला गेला की यादीत तीन ओळी पडतात आणि बातमीत ‘तीन टोर्नेडो’ होतात. ३१ मे २०१३ चा ओक्लाहोमातल्या एल रेनोचा टोर्नेडो जूनमध्ये ईएफ ५ (टोर्नेडोच्या ताकदीच्या ० ते ५ श्रेणींतली सर्वांत वरची) म्हणून जाहीर झाला, ऑगस्टमध्ये ईएफ ३ वर आला. जुना आकडा आजही ठिकठिकाणी फिरतोय.
चित्रांचंही तेच. परवाना सिद्ध होत नसेल तर चित्राची जागा रिकामी ठेवावी.

वावटळ:
पूर्ण असहमत. थांबलात तर पुरावाच हातचा जातो. हवामान कार्यालय नुकसानीच्या पाहणीनंतर जे निवेदन काढतं त्याच्या पुढच्या आवृत्त्या येत राहतात, आणि घटनेची खास पानं संकेतस्थळाच्या पुनर्रचनेत पत्ता बदलतात. म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येक दुवा वेबॅक मशीन या वेबपानांच्या संग्रहात जतन करा. निवेदनाचा मूळ मजकूर आयोवा एन्व्हायर्न्मेंटल मेसोनेट या विद्यापीठाच्या हवामान-संग्रहात वेळेसकट मिळतो, तो उद्धृत करा. आकड्यापुढे ‘प्राथमिक, अमुक तारखेपर्यंत’ लिहिलं की वाचकाची फसवणूक होत नाही.
आणि तुमची ‘पक्की’ नोंद तरी कुठे सरळ वाचता येते? ती काउंटीनुसार (म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागानुसार) तुटलेली असते. चार काउंट्यांतून गेलेला टोर्नेडो चार नोंदींत दिसतो. लांबीची बेरीज करायची, रुंदीची नाही; ताकद सगळ्यांत वरची घ्यायची. वेळ वर्षभर प्रमाणवेळेत असते; उन्हाळ्यात तिथे घड्याळं एक तास पुढे करतात, त्यामुळे तेव्हा ती लोकांच्या घड्याळापेक्षा एक तास मागे. रुंदी यार्डांत असते: एल रेनोचे २.६ मैल म्हणजे ४,५७६ यार्ड. शिवाय १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत सरासरी रुंदी नोंदवत, नंतर कमाल. जुन्या-नव्या टोर्नेडोंची रुंदी शेजारी ठेवून तुलना केली की ती चुकलीच समजा.

कोनमापक:
एल रेनोबद्दल थोडं थांबा. ईएफ ३ म्हणजे ‘वारा कमी होता’ असं नाही. ईएफ श्रेणी नुकसानीवरून ठरते. त्यासाठी घरं, झाडं, खांब अशा २८ प्रकारच्या खुणा आहेत. तो टोर्नेडो बराचसा मोकळ्या रानातून गेला. पाडायला भक्कम बांधकामच नसेल तर वरची श्रेणी देता येत नाही. फिरत्या रडारने मोजलेला वारा ईएफ ५ च्या २०० मैल प्रतितास या उंबरठ्याच्या कितीतरी वर होता. म्हणून दोन वाक्यं लिहा: अधिकृत श्रेणी ही, रडारने मोजलेला वारा हा. एक गाळून दुसरं लिहिणं मला अप्रामाणिक वाटतं.
चित्राची जागा रिकामी ठेवायचीही गरज नाही. नेक्सरॅड या अमेरिकी हवामान रडारजाळ्याचा ‘लेव्हल २’ (मूळ मोजमापांचा) डेटा सर्वांना खुला आहे. जवळच्या केंद्राची त्या वेळेची फाइल उतरवा, पाय-आर्ट या पायथन संगणक-साधनात रडार किरणाच्या सर्वांत खालच्या, ०.५ अंश कोनाच्या फेरीचे परावर्तन (किती जोरात परत आलं), वेग आणि सहसंबंध गुणांक (किरणातल्या वस्तू किती एकसारख्या) असे तीन नकाशे काढा. फिरकी दिसते तिथेच गुणांक ०.८ च्या खाली आणि परावर्तन जोरात असेल तर तो हवेत उडालेला ढिगारा. मात्र रडार १०० किलोमीटर दूर असेल तर तो किरण जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर वर असतो. त्यावरून जमिनीवरचा मार्ग आखू नका.

परवाना_आधी:
चित्रांबाबत मी मापपट्टींच्या बाजूने, आणि जरा कडकपणे. ‘हवामान सेवेच्या पानावर आहे म्हणजे सार्वजनिक’ हा समज सर्वांत जास्त गोंधळ घालतो. अमेरिकी कायद्याने संघराज्य सरकारच्या कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून काढलेला फोटो मुक्त असतो. त्याच पानावर नागरिकांनी पाठवलेले फोटोही असतात, ते आपोआप मुक्त होत नाहीत. खाली ‘सौजन्याने’ असं आलं की तो बहुधा परका. सौजन्य म्हणजे परवाना नव्हे. शहर पोलिसांच्या ड्रोनचा किंवा राज्याच्या आपत्ती विभागाचा फोटोही या कायद्यात बसत नाही.
यूट्यूबवर क्रिएटिव्ह कॉमन्सची खूण दिसली तरी चॅनेलवाल्याने स्वतः चित्रण केलंय का ते पाहा. दुसऱ्यांच्या क्लिपा जोडून वर मुक्त परवाना लावणारे ढीगभर आहेत.
छायाचित्रकाराला लिहाल तेव्हा ‘वापरू का?’ असं विचारू नका. ‘वापरा’ एवढ्या उत्तराचा उपयोग नाही. फाइलचा दुवा द्या, ‘सीसी बाय-एसए ४.०’ या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्याचं नाव घ्या, आणि यात व्यावसायिक वापर व बदलही येतात हे स्पष्ट सांगा. होकार प्रत्यक्ष फोटो काढणाऱ्याचा हवा.

वावटळ:
मग न्याय्य वापर, म्हणजे परवान्याशिवाय मर्यादित वापराची कायदेशीर सवलत, कशासाठी आहे? टोर्नेडो संपला, आता त्याचा नवा फोटो कोणी काढू शकत नाही. एक लहान आकाराचा फोटो, नेमकं कारण लिहून, इंग्रजी विकिपीडियावर चालतो.

परवाना_आधी:
चालतो, पण त्याच टोर्नेडोचा एक जरी मुक्त फोटो सापडला की तो आधार गेला. विकिमीडिया कॉमन्स, म्हणजे विकिपीडियाचा मुक्त चित्रसाठा, तर असे फोटो घेतच नाही. आधी उपग्रह बघा ना. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या प्रतिमेचा एक ठिपका १० मीटरचा आहे. श्रेय दिलं की प्रतिमा मुक्तपणे वापरता येते. शंभर मीटर रुंदीचा पट्टा त्यात दहा ठिपक्यांचा दिसतो. आधीची आणि नंतरची निरभ्र दिवसाची प्रतिमा घ्या, लाल आणि निकट-अवरक्त पट्ट्यांवरून हिरवाईचा निर्देशांक काढून वजाबाकी करा. जंगलात ओरखडा स्वच्छ उठतो, नांगरलेल्या उघड्या शेतात काहीच दिसत नाही. मॅक्सार या खासगी उपग्रह कंपनीच्या (आताचं नाव व्हँटॉर) आपत्तीकाळातल्या प्रतिमा जास्त बारीक असतात, पण त्यांचा परवाना अव्यावसायिक वापरापुरता, म्हणून त्या बाद. गूगल अर्थचा स्क्रीनशॉटही बाद.

मापपट्टी:
तारीख टाकून प्राथमिक श्रेणी लिहायला माझी हरकत मागे घेतो. बळींच्या आकड्याला मात्र हरकत कायम. २२ मे २०११ च्या जॉप्लिन टोर्नेडोचे हवामान सेवेच्या हिशेबात १५८ थेट बळी आहेत, एनआयएसटी या अमेरिकी सरकारी मानक-संस्थेच्या तपासात १६१. दोन्ही जबाबदार संस्था. डेटाबेसमध्ये थेट आणि अप्रत्यक्ष मृत्यूंचे रकानेच वेगळे आहेत. पहिल्या आठवड्याच्या बातम्यांत हा भेद नसतो, आणि त्यांच्यात बेपत्ता माणसंही मिसळलेली असतात. तो आकडा मी तारीख टाकूनही घेणार नाही.

वावटळ:
मग तो लेखाच्या माहितीचौकटीत नको, मजकुरात घ्या: कोणत्या कार्यालयाने, कोणत्या दिवशी, किती सांगितला. संग्रहित दुव्यासह. चौकट तुमच्या नोंदीसाठी रिकामी राहू दे.