अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या जुन्या पटखेळाचा काळ कसा ओळखावा?

पटवेडा: अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीवरील एक जुना पटखेळ माझ्या संग्रहात आला आहे, मात्र खोक्यावर किंवा नियमपत्रिकेवर छपाईचे वर्ष नाही. प्रत्येक राज्याच्या पत्त्यावर त्याची निर्वाचक मते (अध्यक्ष निवडताना त्या राज्याच्या वाट्याला येणारी मते) छापलेली असून त्यांत न्यूयॉर्क ४३, कॅलिफोर्निया ४० आणि टेक्सास २५ असे आकडे आहेत. विजयासाठी २७० मते लागतात. फ्लोरिडा व वायोमिंग यांचे पत्ते हरवले आहेत. शिवाय तिघे खेळत असताना कोणालाच २७० मते मिळाली नाहीत, तर काय करावे, याविषयी नियमपत्रिका काहीच सांगत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुनी_सोंगटी: वर्ष छापलेले नसले तरी पत्त्यांवरचे आकडे पुरेसे बोलके आहेत. दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर प्रतिनिधीगृहाच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, जागांचे राज्यांमध्ये फेरवाटप होते आणि निर्वाचक मतेही त्यानुसार बदलतात. आपण दिलेले आकडे १९६० च्या जनगणनेवर आधारित असून ते १९६४ आणि १९६८ या दोनच निवडणुकांना लागू होते. १९७२ मध्ये कॅलिफोर्निया ४५ वर गेले आणि न्यूयॉर्क ४१ वर उतरले. राजधानी वॉशिंग्टनला १९६१ च्या तेविसाव्या घटनादुरुस्तीने मताधिकार मिळाला, म्हणून तिचा ३ मतांचा पत्ताही संचात असायला हवा. अर्थात, यावरून खेळाची रचना कोणत्या काळातली आहे एवढेच ठरते, कारण जुनेच आकडे ठेवून पुढे पुन्हा छपाई झालेली असू शकते.

हरवलेल्या पत्त्यांची चिंता नको. त्या काळी फ्लोरिडाची १४ आणि वायोमिंगची ३ मते होती. उरलेल्या पत्त्यांची बेरीज ५२१ आली, तर बाकी संच पूर्ण आहे असे समजावे, कारण एकूण मते ५३८ होतात.

घटनावाचक: बहुमताच्या पेचाचे उत्तर बाराव्या घटनादुरुस्तीत आहे. कोणालाच बहुमत न मिळाल्यास पहिल्या तीन उमेदवारांमधून प्रतिनिधीगृह अध्यक्ष निवडते आणि तेथे प्रत्येक राज्याला एकच मत असते. ५० पैकी २६ राज्ये मिळवणारा जिंकतो. १८२४ च्या निवडणुकीत जॉन क्विन्सी ॲडम्स याच मार्गाने अध्यक्ष झाले. १९६८ मध्ये जॉर्ज वॉलेस यांनी दक्षिणेतील पाच राज्ये जिंकून ४६ निर्वाचक मते मिळवली खरी, पण निक्सन यांना ३०१ मते मिळाल्याने प्रकरण प्रतिनिधीगृहापर्यंत गेलेच नाही.

आपल्या खेळात असा पेच पडला की प्रत्येकाने जिंकलेली राज्ये मोजावीत. राजधानीचा पत्ता मात्र त्यात धरू नये. मग अलास्काचा एरवी दुर्लक्षित राहणारा ३ मतांचा पत्ता न्यूयॉर्कच्या तोडीचा ठरतो आणि तिसऱ्या खेळाडूला सौदेबाजीची संधी मिळते. माझ्या मते तिघांच्या डावात खरी रंगत येथूनच सुरू होते.

जुनी_सोंगटी: सूचना उत्तम आहे, परंतु प्रत्यक्षात राज्याचे ते मत तिथल्या प्रतिनिधींच्या बहुमताने ठरते, राज्यात कोणता उमेदवार जिंकला होता, याचे बंधन त्यांच्यावर नसते. तेव्हा हा खेळापुरता केलेला सोपा नियम समजावा. तरीही कोणाकडे २६ राज्ये नसतील, तर सर्वांत कमी राज्ये असलेल्या खेळाडूने आपले पत्ते उरलेल्या दोघांपैकी हव्या त्याला द्यावेत.

पटवेडा: दोघांचेही आभार. बेरीज बरोबर ५२१ आली आणि राजधानीचा पत्ताही संचात सापडला.