'वंश' शब्दापाशी अनुवाद अडला आहे

शेंगाचटणी:
किडनीच्या रुग्णांसाठी एका पत्रकाचा अनुवाद करतेय. मूळ मजकूर अमेरिकेतला. तिथे रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थावरून किडनी किती काम करते ते काढायच्या सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर आकडा १.१५९ ने गुणायचे. त्यामुळे त्याची किडनी कागदावर बरी दिसायची आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव उशिरा लागायचं. २०२१ च्या नव्या सूत्रात हा गुणक काढला. कारण, 'रेस' ही समाजाने केलेली विभागणी आहे, शरीरातली नव्हे.

मी लिहिलं, 'वंश ही शरीरातली गोष्ट नाही.' बाबांना वाचून दाखवलं. ते आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात. म्हणाले, "आजोबांच्या किडनीत पाण्याच्या गाठी होत्या, माझ्याही आहेत. हे वंशानं आलं नाही तर कशानं?" मला उत्तर देता आलं नाही. शब्द चुकतोय का?

जुनीगिरणी:
शब्द बरोबर आहे. राज्यघटनेचं कलम १५ मराठीत वाचा: धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान. एवढा रुळलेला शब्द एका पत्रकासाठी बदलू नये.

शेंगाचटणी:
काका, कलम वाचताना कुणाला आजोबा आठवत नाहीत. पत्रक वाचताना आठवतात.

कळकाचं_बेट:
ताई, तुमच्या बाबांचं बरोबर आहे. संस्कृतात वंश म्हणजे मुळात बांबू. पेरावर पेर तशी पिढीवर पिढी. निर्वंश, वंशाचा दिवा, वंशावळ, सगळं उभं चालतं. 'रेस' आडवी आहे, कातडीच्या रंगावरून कोट्यवधी अनोळखी माणसं एका पाटीत भरणारी. उभ्या शब्दाने आडवी गोष्ट नाकारायला गेलात की आजोबाच नाकारले जातात.

सांगोल्याचा:
पण डोळ्यांना दिसतंय ते नाही कसं म्हणायचं ओ? सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेवेळी जनावरांच्या बाजारात या. शिंग, वशिंड, चेहरा बघून खिलार लांबून ओळखू येतंय. पंढरपुरी म्हैस तर शिंगावरूनच. माणसातच तेवढं नाही होय?

कळकाचं_बेट:
खिलार माणसाने पिढ्यान्‌पिढ्या वळू निवडून राखलं. माणसाची अशी पैदास कुणी केली नाही, माणसं कायम फिरत आणि मिसळत राहिली. १९७२ मध्ये लेवाँटिन या अमेरिकी जनुकशास्त्रज्ञाने हिशोब मांडला: माणसांमधल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के एकाच लोकसमूहाच्या आत सापडतात. आपल्या इरावती कर्व्यांनी त्याच्याही आधी बर्लिनमध्ये कवट्या मोजल्या होत्या. मार्गदर्शक जर्मन मानवशास्त्रज्ञ फिशर. वंशानुसार फरक निघेल ही त्याची अपेक्षा. निघाला नाही, आणि बाईंनी तसंच लिहून दिलं. त्या काळी, त्या शहरात!

रातराणी_सोलापूर:
सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही बघा. गडचिरोली, नंदुरबार, पश्चिम आफ्रिका, ग्रीस. रंग बघून हे एकत्र येतील का? मलेरियाचे प्रदेश बघितले तर येतात, कारण त्याचं एकच जनुक असलं तर मलेरियापासून बचाव होतो.

तारेच्या_आत:
माझ्या आजीचा जन्म इथल्या, सोलापूरच्या सेटलमेंटमधला, म्हणजे 'गुन्हेगार' जमातींना डांबायच्या वसाहतीतला. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला. आजीच्या रक्तात काही नव्हतं, जे होतं ते सरकारी कागदावर. पण तारेचं कुंपण खरं होतं आणि हजेरीही खरी होती. म्हणून विनंती, 'वंश काल्पनिक आहे' असं लिहू नका. 'ठरवलेला' लिहा.

शेंगाचटणी:
हे फार मोलाचं सांगितलंत. मग 'माणसांनी ठरवलेले वर्णगट' चालेल?

जुनीगिरणी:
'वर्ण' म्हटलं की चातुर्वर्ण्य डोळ्यांपुढे येतं. गोंधळ वाढेल.

रातराणी_सोलापूर:
'वर्णद्वेष' रुळलाच आहे की. दक्षिण आफ्रिकेबद्दल वाचताना कुणाचा गोंधळ झाला नाही. सरळ 'रेस' मात्र नको, लोकांना शर्यत वाटेल.

सांगोल्याचा:
'वाण' घ्या. आपला शब्द आहे. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

कळकाचं_बेट:
तिथे वाण म्हणजे रंग, 'वर्ण'वरूनच आलेला. रंग शेजाऱ्याकडून येत नाही, गुण येतो, असं म्हण सांगते.

जुनीगिरणी:
वाण बियाण्याचा. मंगळवेढ्याची मालदांडी हा ज्वारीचा वाण. माणसाला लावणं मला पटत नाही.

सांगोल्याचा:
'हा वाण' नाही ओ, 'हे वाण'. आमच्याकडं कुणीबी 'हे वाण'च म्हणतंय.

जुनीगिरणी:
'हे वाण' संक्रांतीला लुटतात ते. बियाण्याचा तो वाण.

शेंगाचटणी:
शनिवारी पत्रक छापायला जातंय. 'वर्णगट' की 'वंश', तेवढं कुणी सांगेल का?

रातराणी_सोलापूर:
आई तर दोन्हीला 'ते वाण'च म्हणायची. माहेर अक्कलकोटचं. कानडीचा परिणाम असेल का?