सावधगिरीचे तत्त्व: जीएम पिकांबाबत पुराव्याचा भार कोणावर?

प्रश्न
१९९२ च्या रिओ पर्यावरण परिषदेच्या जाहीरनाम्यातील सावधगिरीचे तत्त्व (तत्त्व १५) इतकेच सांगते की, गंभीर किंवा भरून न येणाऱ्या हानीचा धोका असेल, तर पूर्ण वैज्ञानिक खात्री नाही या सबबीखाली किफायतशीर प्रतिबंधक उपाय लांबणीवर टाकू नयेत. मग जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या, पिकांच्या बाबतीत त्याचा अर्थ ‘निर्धोकपणा सिद्ध होईपर्यंत बंदी’ असा कसा झाला?

प्रतिसाद १
पुराव्याचा भार, म्हणजे निर्धोकपणा सिद्ध करण्याची जबाबदारी, रिओने नव्हे, तर पूर्वपरवानगी सक्तीची करणाऱ्या कायद्यांनी अर्जदारावर टाकला. युरोपीय संघाचा २००१ चा निर्देश हे त्याचे ठळक उदाहरण. जागतिक व्यापार संघटनेच्या एसपीएस करारातील (अन्नसुरक्षा आणि प्राणी-वनस्पती आरोग्यविषयक करारातील) कलम ५.७ मात्र अपुऱ्या पुराव्यावर केवळ तात्पुरते निर्बंध लादू देते, आणि तेही अधिक माहिती मिळवण्याच्या व वाजवी मुदतीत फेरविचार करण्याच्या अटीवर. अमेरिका, कॅनडा आणि अर्जेंटिनाच्या तक्रारींवर २००६ मध्ये या संघटनेच्या तंटा निवारण पॅनेलने युरोपच्या मंजुरीप्रक्रियेत अवाजवी विलंब झाल्याचे ठरवले. सावधगिरीचे तत्त्व आंतरराष्ट्रीय कायद्याचे सर्वमान्य तत्त्व आहे का, यावर निर्णय देणे मात्र पॅनेलने शिताफीने टाळले.

प्रतिसाद २
ती फेरविचाराची अट अर्थशास्त्राच्या दृष्टीने कळीची आहे. अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅरो आणि फिशर यांनी १९७४ मध्ये दाखवले की, मागे घेता न येणारा निर्णय लांबवण्याला मोल असते, कारण दरम्यान नवी माहिती हाती येते. जीएम पिकाचे परागकण शेजारच्या रानटी जातीत मिसळले की ते जनुक परत बोलावता येत नाही, म्हणून थांबणे शहाणपणाचे ठरू शकते. पण शेतातील चाचण्याही बंद ठेवल्या, तर थांबून कळणार काय? शिवाय अ-जीवनसत्त्वाच्या अभावी गेलेली मुलांची दृष्टीही परत येत नाही. हा अभाव भरून काढण्यासाठी घडवलेल्या ‘गोल्डन राइस’ या जीएम भाताचे संशोधन २००० मध्ये प्रसिद्ध झाले. फिलिपिन्समध्ये व्यावसायिक लागवडीची परवानगी २०२१ मध्ये मिळाली आणि २०२४ मध्ये तेथील अपील न्यायालयाने ती रद्द केली.

प्रतिसाद ३
चाचणीतूनही परागकण निसटतात, त्यामुळे ‘चाचणी म्हणजे निव्वळ माहिती’ हे गृहीतक मला तितकेसे पटत नाही. चाचण्यांचा आवाका टप्प्याटप्प्याने वाढवणे हाच त्यावरचा व्यवहार्य मार्ग दिसतो. खरी विसंगती अन्यत्र आहे. युरोपीय न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार जनुकसंपादित पिके (ज्यांच्या जनुकांत नेमक्या जागी बदल केलेला असतो) जीएम नियमांखाली येतात, तर किरणोत्साराने कुठेही, कसेही उत्परिवर्तन घडवलेली जुन्या पद्धतीची पिके दीर्घ वापराच्या आधारे त्यातून सुटतात. शिवाय मंजुरीचा खर्च पिकाच्या बाजारपेठेनुसार कमी होत नाही, त्यामुळे छोट्या पिकांवर काम करणाऱ्या सार्वजनिक संस्था अर्ज करण्याआधीच माघार घेतात.