मदत हवी आहे: भेंडीवरच्या हळद्याला आरएनए फवारणी?

नमस्कार मंडळी. मी राहतो ठाण्यात, शेती मुरबाडला. भात निघाल्यावर दरवर्षी वीस गुंठे भेंडी असते. यंदा निम्मी झाडं हळद्याने गेली, म्हणजे पांढरी माशी पसरवते त्या विषाणूच्या रोगाने. पानाच्या शिरा आधी पिवळ्या पडल्या, मग अख्खं पान, आणि फळं पांढुरकी, राठ. अशी भेंडी कल्याणच्या बाजारात कोण उचलणार? पान उलटलं की पांढऱ्या माशीचा नुसता धुरळा. पिवळे चिकट सापळे, निंबोळी अर्क, सगळं झालं.

परवा एक औषधवाला सांगत होता, ‘आरएनएचं औषध येतंय, विषाणूच बंद.’ भाचीने घरी समजावलं: आरएनए म्हणजे जनुकाचा संदेश वाहणारा रेणू; विषाणूच्याच जनुकाशी जुळणारा दुपदरी आरएनए दिला, की झाड त्याचे बारीक तुकडे करून त्यांच्या आधारे विषाणूचा तसलाच संदेश ओळखतं आणि कापून टाकतं. ब्राझीलमध्ये घेवड्याचं असं वाण 2011 मध्ये मंजूर झालं, तिथेही विषाणू पांढरी माशीच पसरवते. पण ते वाणातच घातलेलं, फवारणी नव्हे!

माझी अडचण अशी: नुसता आरएनए उन्हापावसात पानावर फार टिकत नाही म्हणतात. त्यात हळद्याचा विषाणू डीएनएचा (त्याची जनुकं आरएनएत नाहीत, डीएनएत), पानाच्या आत शिरांमध्ये बसलेला. वरून फवारलेलं तिथवर पोचतं का? की माशीचंच जनुक बंद करणं बरं? दापोलीच्या कृषी विद्यापीठात किंवा इतरत्र यावर काम केलेलं कोणी आहे का इथे? पुढच्या लागवडीआधी कळलं तर बरं. आणि हळद्याला दाद न देणारं, स्वतः लावलेलं वाण असेल तर तेही सांगा.