जुन्या लढाईच्या शेतात मेटल डिटेक्टर प्रत्येक पावलाला ओरडतोय, माझं काय चुकतंय?

ढेकूळ
नमस्कार मंडळी, ओळखीतल्या एका शेतकऱ्याच्या रानात फार पूर्वी चकमक झाली होती, ठासणीच्या बंदुका आणि तोफांच्या काळातली. लेखी परवानगी घेतलीय, पीक निघालंय, नांगरटही झालीय म्हणून रविवारी मशीन घेऊन गेलो. साधंच आहे, व्हीएलएफवालं (कमी फ्रिक्वेन्सीवर चालणारं). पण वैताग आला राव, दर दोन पावलांवर बीप, खणलं की खिळा नाहीतर तारेचा तुकडा. शेवटी डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको तो धातू गाळायची सेटिंग, वाढवून लोखंड पूर्ण बंद केलं तर सगळं चिडीचूप. दिवसभरात शिशाचे नऊ तुकडे मिळाले, काही गोल, काही चेपलेले, सगळे पांढरट पडलेत. ते एका डब्यात टाकून आणलेत. सेटिंग काय ठेवू? आणि हो, शेतकऱ्याकडे नांगराला लागलेला एक गंजका लोखंडी गोळा आहे, साधारण नारळाएवढा, तो मला देतोय, त्याचा गंज कशाने काढायचा? ग्राइंडर चालेल का?

कानसेन
लोखंड पूर्ण बंद करू नका, लढाईच्या जागेवर तर अजिबातच नको. तोफेतून डब्यात भरून मारायचे ते छोटे गोळे बरेचदा लोखंडाचे असायचे, ते तुम्ही स्वतःच्या हाताने मशीनमधून वगळताय. डिस्क्रिमिनेशन शून्याजवळ आणा आणि कान वापरा. सिग्नल लागला की त्याच्याभोवती 90 अंश फिरून परत कॉइल (मशीनची खालची चकती) फिरवा, शिसं दोन्ही बाजूंनी सारखंच बोलतं, खिळा एकीकडून छान वाजतो आणि दुसरीकडून तुटतो. मोठा सपाट पत्रा मात्र फसवतो, चांदीसारखा उंच आवाज देतो, तिथे आम्ही पण खणतोच आणि शिव्या घालतो. कचरा जास्त असेल तर छोटी कॉइल लावा, खोली थोडी कमी मिळेल पण दोन खिळ्यांच्या मधली गोळी वेगळी ऐकू येईल. सेन्सिटिव्हिटी फुल ठेवायचा मोह टाळा. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मशीन मातीशी जुळवणं, दर थोड्या वेळाने करा, शेताच्या एका कोपऱ्यातली माती दुसऱ्यासारखी नसते.

आणि पायात काय होतं? पुढे लोखंडी टोपी असलेले बूट असतील तर निम्मे बीप तुमचेच. हसू नका, 1881 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली तेव्हा टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने अंगातली गोळी शोधायला असंच यंत्र आणलं होतं, पण गादीत लोखंडी स्प्रिंगा होत्या, त्यांनीही घोळ घातला आणि गोळी काही सापडली नाही.

निवृत्त_सॅपर
सेटिंगचं नंतर बघा, त्या गोळ्याचं आधी. ग्राइंडर, ड्रिल, हातोडी, काही लावायचं नाही. घरी आणायचा पण नाही. त्या काळात भरीव गोळे होते तसेच आत दारू भरलेले पोकळ पण होते, आणि वातीचं भोक गंजाने आणि मातीने इतकं बुजतं की वरून बघून फरक कळत नाही. जुनं आहे, भिजलंय म्हणून मेलं असेल असं धरू नका, काळी दारू वाळली की परत पेटते. 2008 मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियात एक माणूस असाच तिथल्या यादवी युद्धातला तोफगोळा साफ करताना गेला, आणि तो नवखा नव्हता, वर्षानुवर्षं हेच करत होता. बेल्जियम आणि उत्तर फ्रान्सच्या शेतात आजही दरवर्षी नांगराला पहिल्या महायुद्धातले गोळे लागतात, तिथले लोक त्याला लोखंडी पीकच म्हणतात. आणि 2014 मध्ये बेल्जियमच्या ईप्र शहरात बांधकामाच्या जागेवर तसाच एक फुटून दोन कामगार मेले, शंभर वर्षं जमिनीत पडून होता. शेतकऱ्याला सांगा आहे तिथेच राहू दे, माणसं-जनावरं लांब ठेव आणि पोलिसांना कळव. पुढचं बॉम्बवाले बघतील.

मातीचा_नकाशा
सॅपर काकांना दुजोरा. आता माझं दुखणं, त्या डब्याबद्दल. नऊ तुकडे एकत्र टाकलेत म्हणजे नऊ जागा हरवल्या ना दादा! गोळी कुठे पडली होती हीच तर गंमत आहे. अमेरिकेतल्या 1876 च्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईचं बघा, 1983 मध्ये वणव्यात तिथलं गवत जळून गेलं, मग 1984 पासून पुरातत्त्ववाले आणि डिटेक्टरवाले रांगेत चालले, सापडेल तिथे झेंडी लावली, नोंद केली, मगच उचललं. काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांवरच्या फायरिंग पिनच्या (बंदुकीतल्या ठोकणाऱ्या खिळीच्या) खुणा जुळवून एकच बंदूक रणांगणावर कुठून कुठे गेली ते काढलं. डब्यात ओतल्या असत्या तर नुसतं पितळ उरलं असतं.

तुम्ही एवढंच करा, दोरी बांधून पट्टे पाडा, दर पट्ट्यात कॉइल अर्धी मागच्या फेरीवर येऊ द्या, सापडलं की फोनवर जीपीएस, खोली आणि फोटो. गोल शाबूत गोळी म्हणजे बहुतेक भरताना हातातून पडलेली, तिथे माणूस उभा होता. चेपलेली म्हणजे कशावर तरी आदळलेली. नांगराने थोडं इकडेतिकडे होतं, तरी एकूण चित्र टिकतं. पण नांगराच्या थराखाली खणू नका, तिथली माती हललेली नसते, तिथे काही लागलं तर थांबा आणि पुरातत्त्ववाल्यांना सांगा. शिशावरचा पांढरा थर घासू नका, तोच त्याला वाचवतो, नुसतं पाण्याने धुवा आणि हात साबणाने धुवा, शिसं विषारी आहे.

शेतकऱ्याची परवानगी म्हणजे सगळी परवानगी नव्हे हं. भारतात 1878 च्या कायद्याने जमिनीत सापडलेली 10 रुपयांच्या वरची ठेव कलेक्टरला कळवावी लागते, ब्रिटनमध्ये 1996 चा वेगळा कायदा आहे. तुमच्याकडचं आधी विचारून घ्या.

ढेकूळ
बूट! खरंच लोखंडी टोपीचे होते, आज रबरी घालून गेलो तर पायाजवळचे सगळे बीप गायब. शेतकऱ्याला फोन केला, गोळा गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावून ठेवला होता आणि म्हातारे रोज त्यावर विळा घासत होते. आता गोठा रिकामा केलाय, पोलिस येऊन दोरी बांधून गेलेत, बॉम्बवाल्यांची वाट बघतोय. नऊपैकी चार गोळ्या कुठे सापडल्या ते आठवतंय, बांधाजवळच होत्या, चारही गोल. कायद्याचं विचारल्याशिवाय पुढचं खणणार नाही, तोवर त्या चार तरी कागदावर मांडतो.

मातीचा_नकाशा
चारही बांधाजवळ आणि चारही गोल? कागद झाला की इथे टाका, आणि चेपलेल्या कुठल्या बाजूला होत्या ते जरा डोळे मिटून आठवा.