रेसिंग गेममधील स्टिअरिंग खरे का वाटत नाही?

पाचगाव_कोड

नमस्कार. मी कोल्हापुरात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रकल्प म्हणून युनिटी या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक छोटा रेसिंग गेम तयार करीत आहे. गगनबावड्याहून करूळ घाट उतरून वैभववाडीकडे जाणारा रस्ता त्यात घेतला असून वळणे, उतार आणि कठडे मनासारखे जमले आहेत. अडचण स्टिअरिंगची आहे. बाणाची कळ दाबताच गाडीचे नाक झटकन वळते, गाडीला वजन आहे असे वाटतच नाही, आणि पुढच्या टायरांची पकड सुटत आली आहे याची चालवणाऱ्याला जराही चाहूल लागत नाही.

सध्या व्हीलकोलायडर, म्हणजे युनिटीतला चाकांचा तयार घटक, वापरला आहे. पुढच्या चाकांचा कमाल कोन ३५ अंश ठेवला असून वेग वाढेल तसा तो सरळ रेषेत कमी होतो. त्यामुळे कीबोर्डवर गाडी कशीबशी आटोक्यात राहते, पण मागची बाजू घसरली की उलटे स्टिअरिंग मारायला कोनच शिल्लक राहत नाही. मित्राचे लॉजिटेक जी२९ हे गेमचे स्टिअरिंग चाक जोडून मध्याकडे खेचणारी स्प्रिंगही लावून पाहिली, म्हणजे चाक जितके फिरवावे तितका विरोध अधिक. तरीही हाताला खेळणेच लागते. स्प्रिंग अधिक कडक करावी की कोनाचा आलेख बदलावा, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

ताराराणी_चौक

स्प्रिंग कितीही कडक केलीत तरी उपयोग होणार नाही, कारण खऱ्या गाडीत हाताला जाणवणारा जोर हा चाक किती फिरवले यावर ठरत नसून त्या क्षणी टायर रस्त्याशी काय करीत आहे यावर ठरतो. आपल्या रचनेत टायर आणि हात यांचा काही संबंधच नाही.

टायर ज्या दिशेला तोंड करून आहे आणि प्रत्यक्षात ज्या दिशेला सरकत आहे, त्या दोहोंमधला कोन म्हणजे स्लिप अँगल. तो वाढतो तसा बाजूचा जोर वाढतो, साध्या रस्त्यावरच्या टायरमध्ये ढोबळमानाने ६ ते १० अंशांवर कमाल होतो आणि मग हळूहळू उतरतो. मात्र हा जोर टायरच्या जमिनीवर टेकलेल्या भागाच्या मध्यावर काम करीत नाही, तर थोडा मागे काम करतो. या मागे असलेल्या अंतराला न्यूमॅटिक ट्रेल म्हणतात, आणि त्याच्यामुळेच टायर स्वतःहून सरळ होऊ पाहतो. आपल्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या गोष्टीत आहे: टायर पकडीच्या टोकाकडे जाऊ लागला की हे अंतर आक्रसत जाते, त्यामुळे चाक सरळ करणारा पीळ (टॉर्क) बाजूच्या जोराच्या आधीच शिखर गाठतो आणि उतरू लागतो. म्हणजे पकड अजून शिल्लक असतानाच स्टिअरिंग हलके पडते. आपल्याला हवी असलेली चाहूल ती हीच, आणि आपली स्प्रिंग नेमके याच्या उलट सांगते.

तेव्हा प्रत्येक पुढच्या चाकासाठी स्लिप अँगल स्वतः काढा, त्यावरून बाजूचा जोर काढा, त्या जोराला ट्रेलने गुणा आणि दोन्ही चाकांची बेरीज फोर्स फीडबॅककडे, म्हणजे हाताला जोर देणाऱ्या जी२९ च्या मोटरकडे, पाठवा. व्हीलकोलायडर हा पीळ आयता देत नाही. टायरच्या वक्रासाठी डेल्फ्ट विद्यापीठाचे हान्स पासेयका यांच्या नावाने ओळखला जाणारा मॅजिक फॉर्म्युला (स्लिप अँगलवरून जोर देणारे सूत्र) बहुतेक जण वापरतात, पण विद्यार्थी प्रकल्पाला त्याची साधी, चार गुणांकांची आवृत्ती पुरेशी आहे.

आता कीबोर्डविषयी. कोन सरळ रेषेत कमी करण्याला भौतिक आधार नाही. कोरड्या रस्त्यावर घर्षणाचा गुणांक १ धरला तर ताशी १०० किलोमीटर वेगाला गाडी सुमारे ७९ मीटरपेक्षा लहान त्रिज्येचे वळण घेऊच शकत नाही, आणि २.५ मीटर व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) गाडीला त्या वळणासाठी भूमितीने लागणारा कोन जेमतेम १.८ अंश येतो. ताशी ४० ला हाच कोन ११ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे तो वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. पण निव्वळ वेगावर मर्यादा घातली की आपण म्हणता तसे उलटे स्टिअरिंग मरते. त्यापेक्षा पुढचा आस प्रत्यक्ष ज्या दिशेला सरकत आहे ती दिशा शून्य माना आणि कळ पूर्ण दाबली असता चाक त्या दिशेपासून टायरच्या सर्वोत्तम स्लिप अँगलइतकेच वळू द्या. मागची बाजू सुटली की ती दिशाच घसरणीच्या बाजूला वळते, आणि उलटे स्टिअरिंग आपोआप मिळते.

उद्यमनगर_अलाइनमेंट

मला प्रोग्रामिंग येत नाही, परंतु शिवाजी उद्यमनगरात व्हील अलाइनमेंटचे काम बरीच वर्षे करीत असल्यामुळे एक गोष्ट जोडावीशी वाटते. वरील उत्तरात टायरचा ट्रेल आला, कॅस्टरचा मात्र आला नाही. पुढचे चाक ज्याभोवती वळते तो स्टिअरिंगचा आस बाजूने पाहिला असता मागे कललेला असतो, सायकलच्या फोर्कसारखा; हा कल म्हणजे कॅस्टर, आणि त्यामुळे चाक जमिनीला त्या आसाच्या मागे टेकते. ३० सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाला ५ अंश कॅस्टर असला तर हे अंतर साधारण २६ मिलिमीटर भरते. टायरचा ट्रेल पकड सुटताना नाहीसा होतो, पण कॅस्टरचा जागच्या जागी राहतो. म्हणूनच कॅस्टर जास्त असलेल्या गाडीचे स्टिअरिंग वळणात भरीव लागते, मात्र टायर सुटत आल्याची सूचना त्यात थोडी दबते. एका बाजूचा कॅस्टर कमी भरला तर गाडी त्याच बाजूला ओढते, अशी तक्रार घेऊन लोक रोज येतात. गेममध्ये हे दोन्ही ट्रेल वेगळे ठेवावेत, एकत्र करू नयेत.

आणखी एक. जड स्टिअरिंग म्हणजे खरे स्टिअरिंग, असा समज पोरांमध्ये फार दिसतो. पॉवर स्टिअरिंग नसलेली मारुती ८०० ज्यांनी चालवली आहे त्यांना आठवेल की उभ्या गाडीत चाक फिरवताना दम लागायचा, आणि गाडी जरा सरकली की तेच चाक हलके व्हायचे. उभ्या गाडीत रबर जागेवरच रगडले जाते, त्याचा तो विरोध. आजच्या इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगमध्ये मदत कमी वेगाला जास्त आणि वेग वाढेल तशी कमी केलेली असते. आपण कोणत्या काळातली गाडी दाखवता आहात, हे आधी ठरवावे.

घाट घेतलाच आहे तर पावसाळाही घ्यावा. डोंगराचे पाणी वळणावर आडवे वाहत असते, आणि त्या पट्ट्यावरून जाताना स्टिअरिंग क्षणभर रिकामे होते व पुढे कोरड्यावर लागताच हाताला पुन्हा भरते. तेवढे जमले तर आमच्यासारख्यांनाही गेम पटेल.

पाचगाव_कोड

दोघांचेही मनःपूर्वक आभार. कीबोर्डची सूचना लगेच करून पाहिली, आणि करूळच्या उतारावर मागची बाजू सुटल्यावर गाडी सावरता येते आहे, जे आधी शक्यच नव्हते. जी२९ वरही पकड सुटताना हलकेपणा जाणवतो. मात्र दोन नव्या गोष्टी उद्भवल्या आहेत. गाडी अगदी हळू असताना किंवा थांबताना हातातले चाक थरथरते, आणि वेगात लांब वळण घेताना जोर एका मर्यादेला जाऊन सपाट होतो, त्यामुळे मधले बारकावे हरवतात.

कार्टिंगवेडा

दुसऱ्या गोष्टीला क्लिपिंग म्हणतात. आपण मागितलेला पीळ उपकरणाच्या क्षमतेपलीकडे गेला की पुढचे सारे कापले जाते. जी२९ ची ताकद २ न्यूटन-मीटरच्या आसपासच आहे, खऱ्या गाडीचे आकडे जसेच्या तसे तिला पेलणार नाहीत. सर्वांत वेगवान लांब वळणातला पीळ उपकरणाच्या कमालीच्या किंचित खाली बसेल इतका सर्वत्र एकच गुणक लावा. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग थोडे मिळमिळीत वाटेल, त्याला इलाज नाही.

शिवाय हातातले चाक आणि गाडीची पुढची चाके यांच्यामध्ये एखादा वक्र आलेख किंवा डेडझोन (फिरवूनही काही न होणारा मधला पट्टा) असेल तर काढून टाका. ९०० अंशांचे चाक म्हणजे प्रत्येक बाजूला ४५०, आणि १५ ला १ असे प्रमाण धरले की पुढची चाके ३० अंश वळतात, जे साध्या मोटारीच्या जवळचे आहे. पडद्यावरचे हातही तेवढेच फिरू द्या, कारण डोळे आणि हात यांत फरक पडला की मेंदू लगेच पकडतो. पुढेमागे गेममध्ये गो-कार्ट घेणार असाल तर तिथले प्रमाण अगदी थेट असते आणि डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नसते, त्यामुळे आतले मागचे चाक उचलले जावे म्हणून कॅस्टर मुद्दाम भरपूर देतात. मोटारीची सेटिंग तिथे चालणार नाही.

ताराराणी_चौक

थरथरीचे कारण असे की स्लिप अँगल काढताना आपण बाजूच्या वेगाला पुढच्या वेगाने भागता, आणि पुढचा वेग शून्याजवळ आला की नगण्य हालचालीलाही प्रचंड कोन निघतो. शिवाय युनिटीची मूळ फिक्स्ड टाइमस्टेप, म्हणजे भौतिकीच्या दोन गणितांमधला वेळ, ०.०२ सेकंदांची आहे, म्हणजे सेकंदाला ५० गणिते, जी टायरसाठी फारच विरळ आहेत. असेटो कोर्सा या रेसिंग गेमचे भौतिकी सेकंदाला ३३३ वेळा चालते. निदान टायरचे गणित प्रत्येक पायरीत सहा-सात उपपायऱ्यांत विभागावे.

त्याचबरोबर खरा टायर जोर तत्क्षणी देत नाही, तर काही अंतर फिरल्यावर देतो. हे रिलॅक्सेशन लेंग्थ नावाचे अंतर अर्ध्या मीटरच्या आसपास धरून स्लिप अँगल त्या अंतरावर हळूहळू नव्या किमतीकडे नेला, तर हळू वेगातली थरथर बरीचशी शमते आणि वेगातला प्रतिसादही कमी झटकेदार होतो. आपले नाक झटकन वळत होते, त्याचे निम्मे कारण इथेच असावे. गाडी पूर्ण थांबल्यावर मात्र टायरचे सूत्र बाजूला ठेवून उद्यमनगरकरांनी सांगितलेला रगडण्याचा विरोध, म्हणजे साधे घर्षण आणि थोडे डॅम्पिंग (फिरण्याच्या वेगाला होणारा विरोध), तेवढेच चालू ठेवावे. एका पद्धतीतून दुसरीत जाताना ताशी ३ ते ८ किलोमीटर या पट्ट्यात दोन्हींचे मिश्रण करावे, नाहीतर त्या सीमेवर हाताला झटका बसेल.