विक्षिप्त, तऱ्हेवाईक की लहरी? कुणाला काय म्हणायचं?

पडद्यामागचा:
एकांकिकेत कोल्हापुरातला म्हातारा किराणा दुकानदार आहे. घेतलेली नाणी धुऊनच गल्ल्यात टाकतो, गुरुवारी साखर विकत नाही, हिशेब खडूनं फळीवरच मांडतो. निवेदक त्याला काय म्हणेल, आणि शेजारचं पोरगं काय म्हणेल? विक्षिप्त, तऱ्हेवाईक, लहरी, छांदिष्ट, अवलिया असे सगळे आलटूनपालटून वापरून बघितले. आता सगळे सारखेच वाटायला लागलेत.

कोशातला किडा:
सारखे नाहीत हो. उद्या हा माणूस काय करणार ते आधी सांगता येतं का, एवढं बघा. येत असेल तर तऱ्हेवाईक: तऱ्हा विचित्र, पण ठरलेली. दर गुरुवारी साखर नाही म्हणजे नाही. लहरी माणूस आज साखर देत नाही, उद्या मीठ, परवा दुकानच उघडत नाही. तुमच्या म्हाताऱ्याला लहरी म्हटलंत तर त्याचा गुरुवार फुकट गेला.

छांदिष्ट म्हटलं की 'कशाचा?' असं विचारता यायला हवं. जुन्या नाण्यांचा, घड्याळं उघडून बसण्याचा. इथे तसा विषयच नाही.

विक्षिप्त जपून वापरा. मूळ अर्थ विखुरलेला. योगशास्त्रात चित्ताच्या ५ अवस्थांपैकी ती एक. हिंदीत हा शब्द सरळ वेड्यासाठी चालतो. मराठीत इतका कडक नाही, पण समोरच्याला जाच होतो ही छटा उरतेच. गिऱ्हाईक वैतागून निघून जात असेल तरच घाला.

अवलिया तर नकोच. अरबीत ते 'वली'चं, म्हणजे संतपुरुषाचं, अनेकवचन. आपण एकवचनी करून टाकलं. त्यात व्यवहाराची बेफिकिरी असते. नाणी धुणारा कसला अवलिया!

रंकाळ्याची हवा:
पोराच्या तोंडी यातला एकही नको, पुस्तकी वाटेल. इकडं काम होतं ते नपुंसकलिंगावर. 'तो खुळा आहे' म्हटलं की निकाल दिल्यासारखं होतं. 'खुळं हाय ते' म्हटलं की त्यात माया येते, थोडी टिंगलही. क्रियापदही तसंच ओढा: 'खुळं बघ, पावसात झाडाला पाणी घालतंय.' मात्र हे पाठीमागं. तोंडावर 'मामा'च.

'नादखुळा'चा मोह होईल, टाळा. मूळ अर्थ नादानं खुळा झालेला, पण आता ती शाबासकी आहे. तांबडा रस्सासुद्धा नादखुळा असतो.

कोशातला किडा:
हे लिंगाचं बरोबर. शेवटी 'ट' असलेल्या शब्दांकडेही लक्ष असू द्या: हेकट, तिरसट, कुचकट, खवचट, धांदरट. बोलणाऱ्याचा राग किंवा तुच्छता त्या 'ट'मध्ये ऐकू येते. (धीट यात धरू नका, तो 'धृष्ट'वरून आलाय.) 'खोर' फारसी, खाणारा या अर्थाचा, म्हणून भांडखोर किंवा चहाडखोर म्हणजे सवयच लागलेला.

पडद्यामागचा:
म्हणजे निवेदकाला तऱ्हेवाईक, पोराला खुळं. म्हाताऱ्याची बायको 'हेकट' म्हणाली तर चालेल?

रंकाळ्याची हवा:
भांडणाचा प्रवेश असेल तर चालेल. एरवी ती गिऱ्हाइकाला म्हणेल, 'आमचं ध्यान आतल्या खोलीत नाणी धुतंय, बसा जरा.'